ठिबकच्या कंट्रोलरमधले सिग्नल: एम्बेडेड लिनक्समध्ये पहिलं पाऊल टाकणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारकडच्या कॉलेजांत एम्बेडेड लिनक्स (उपकरणात बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स) शिकणाऱ्यांना सरावासाठी ठिबकच्या कंट्रोलरइतका चांगला विषय शोधून सापडणार नाही. केळीची बाग समोर असते, शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते, आणि व्हॉल्व चुकला की परिणाम डोळ्यांना दिसतो. असा कंट्रोलर लिनक्सच्या छोट्या बोर्डावर करायचा तर सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबू नका. चार प्रोसेस, म्हणजे वेगवेगळे चालणारे प्रोग्रॅम, करा: मातीचा ओलावा वाचणारी, व्हॉल्व चालवणारी, मोडेमवरून एसएमएस घेणारी, आणि या तिघींना सुरू करून त्यांच्यावर लक्ष ठेवणारी. मोडेमची प्रोसेस कोसळली तरी व्हॉल्व वेळेवर बंद झालाच पाहिजे, म्हणून ही वाटणी.

आता या चौघी एकमेकींशी बोलणार कशा? इथे नवखे लोक लगेच सिग्नलकडे धावतात आणि ओलाव्याचं रीडिंगसुद्धा सिग्नलनेच पोचवू पाहतात. सिग्नल म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) एका प्रोसेसला पोचवलेली नुसती नंबराची खूण, दाराची कडी वाजवण्यासारखी. काहीतरी झालंय एवढं त्यातून कळतं. काय झालंय, किती वेळा झालंय, हे कडीच्या आवाजात नसतं. रीडिंगसाठी पाइप, मेसेज क्यू किंवा शेअर्ड मेमरी वापरा. सिग्नल फक्त ‘बघा, आलंय’ म्हणायला.

हे पटवून घ्यायला बोर्डही लागत नाही, लॅपटॉपवरचं लिनक्स पुरे. एका प्रोग्रॅममध्ये सिगयूएसआर१ या सिग्नलचा हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लावा, त्यात फक्त एक काउंटर वाढवा. दुसऱ्या प्रोग्रॅममधून लूप लावून 1000 वेळा तोच सिग्नल पाठवा. काउंटर बहुतेक वेळा 1000 पर्यंत पोचणार नाही. 1 ते 31 या जुन्या सिग्नलांसाठी कर्नल प्रत्येक नंबरला पेंडिंगचं, म्हणजे ‘आलाय पण अजून पोचवायचाय’ असं सांगणारं, एकच बिट ठेवतो. ते बिट आधीच लागलेलं असेल तर त्याच नंबरचा पुढचा सिग्नल त्यातच विरतो. मग हाच प्रयोग सिगआरटीमिन (पहिला रिअल-टाइम सिग्नल) आणि तो पाठवणारं सिगक्यू वापरून करा. रिअल-टाइम सिग्नल रांगेत लागतात, सोबत एक पूर्णांकही नेतात, त्यामुळे 1000 पैकी 1000 मिळतात. अर्थात ही रांग अमर्याद नाही. मर्यादा ‘यूलिमिट -आय’ने दिसते, आणि ती भरली की सिगक्यू उणे 1 परत देतं आणि एररनो (शेवटच्या चुकीचा नंबर ठेवणारा व्हेरिएबल) ईअगेन होतो. परत आलेली किंमत तपासलीच नाही, तर सिग्नल कुठे गेला हे शोधण्यात रात्र जाईल.

कर्नलमध्ये नेमकं काय घडतं हे नीट समजलं की पुढचे बरेच घोटाळे आपोआप टळतात. पाठवणारी प्रोसेस किल हा सिस्टम कॉल (कर्नलकडे केलेली मागणी) करते. कर्नल परवानगी तपासतो, समोरच्या प्रोसेसच्या पेंडिंगमध्ये बिट लावतो, आणि ती प्रोसेस व्यत्यय चालेल अशा झोपेत असेल तर तिला उठवतो. हँडलर मात्र लगेच चालत नाही. ती प्रोसेस कर्नल मोडमधून (कर्नलचा कोड चालवण्यातून) यूजर मोडमध्ये (स्वतःच्या कोडकडे) परतायला निघते, तेव्हा कर्नल तिच्या स्टॅकवर एक चौकट रचतो, हँडलरमध्ये उडी मारायला लावतो, आणि हँडलर संपला की सिगरिटर्नने मूळ जागी परत आणतो. म्हणजे सिग्नलला हार्डवेअर इंटरप्टसारखं (सीपीयूला तिथल्या तिथे थांबवणाऱ्या हाकेसारखं) समजू नका. व्हॉल्वच्या प्रोसेसची प्रायॉरिटी कमी असेल आणि सीपीयू दुसऱ्याकडे असेल, तर तिची पाळी येईपर्यंत हँडलर थांबून राहतो.

आणखी एक गोष्ट याच वाटेवर लक्षात येते. सेन्सरच्या ड्रायव्हरने व्यत्यय न चालणारी झोप घेतली असेल, तर पीएस या (प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या) कमांडमध्ये त्या प्रोसेससमोर ‘डी’ दिसतं आणि किल -9 मारूनही ती मरत नाही. सिग्नल पेंडिंग पडून असतो, प्रोसेस परतीच्या वाटेला लागतच नाही. दोष ड्रायव्हरमध्ये शोधा. स्वतः ड्रायव्हर लिहिताना वेट-इव्हेंट-इंटरप्टिबल वापरा आणि शून्य सोडून दुसरं काही आलं तर उणे ईरीस्टार्टसिस परत करा.

हँडलरच्या आत काय लिहू नये, यावर इंटरव्ह्यूमध्ये हमखास प्रश्न येतो. प्रिंटएफ नको, मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) नको. मुख्य कोड मॅलॉकच्या मध्यावर, कुलूप हातात धरून असताना सिग्नल आला आणि हँडलरनेही मॅलॉक मागितला, तर तो ते कुलूप सुटायची वाट बघतो. ज्याच्याकडे कुलूप आहे तो कोड हँडलर संपायची वाट बघतो. प्रोसेस तिथेच अडकते. टेबलावर दहादा चालवून हे दिसत नाही, शेतात महिनाभर चालल्यावर दिसतं. हँडलरमध्ये व्होलटाइल सिग-अटॉमिक-टी प्रकारचा एक फ्लॅग लावा आणि बाहेर या. तातडीने काही छापायचंच असेल तर राइट चालतं, पण हँडलरच्या सुरुवातीला एररनो जपून ठेवा आणि शेवटी परत जागेवर ठेवा.

फ्लॅग वापरतानाही एक खड्डा आहे. ‘फ्लॅग शून्य असेल तर पॉज (सिग्नल येईपर्यंत झोपवणारा कॉल)’ असं लिहिलं, आणि तपासणी व पॉज यांच्या मधल्या फटीत सिग्नल आला, तर फ्लॅग लागतो पण प्रोसेस पुढच्या सिग्नलपर्यंत झोपून राहते. आधी सिग्नल ब्लॉक करा (अडवून ठेवा), मग फ्लॅग तपासा, मग सिगसस्पेंड किंवा पीपोलने मास्क (अडवलेल्या सिग्नलांची यादी) उघडणं आणि झोपणं एकाच दमात होऊ द्या.

मोडेमच्या सिरीयल पोर्टवर रीड करत बसलेल्या प्रोसेसला सिग्नल आला, तर रीड उणे 1 देतं आणि एररनो ईआयएनटीआर होतो. बरेच जण याला पोर्टची चूक समजून पोर्ट बंद करतात. सिगअ‍ॅक्शनमध्ये (हँडलर लावणाऱ्या कॉलमध्ये) एसए-रीस्टार्ट लावलं तर रीड पुन्हा सुरू होतं. पण पोल, सिलेक्ट आणि नॅनोस्लीप हे त्यानंतरही ईआयएनटीआरच देतात, तिथे लूप स्वतः लिहावा लागतो.

लक्ष ठेवणाऱ्या प्रोसेसचं काम सगळ्यात नाजूक. मुलं, म्हणजे तिने सुरू केलेल्या प्रोसेस, मेल्यावर सिगचाइल्ड हा सिग्नल येतो, पण दोन मुलं जवळजवळ एकाच वेळी मेली तर सिग्नल एकच मिळू शकतो. म्हणून एका सिग्नलला एकच वेटपिड (मेलेल्या मुलाची नोंद घेणारा कॉल) करू नका. डब्ल्यूनोहँग (वाट न बघता परत ये) लावून, शून्य किंवा चूक येईपर्यंत लूपमध्ये करा. नाहीतर झोंबी (संपलेल्या, पण नोंद न पुसलेल्या प्रोसेस) साचत जातात आणि मेलेली मोडेमची प्रोसेस पुन्हा सुरूच होत नाही.

नव्या कामात हँडलरच्या भानगडीत न पडता सिग्नलएफडी वापरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. लिनक्स 2.6.22 पासून ते आहे. हवे ते सिग्नल आधी ब्लॉक करायचे, मग ते एका फाइल डिस्क्रिप्टरवरून (उघड्या फाइलच्या नंबरवरून) 128 बाइटच्या नोंदींच्या रूपात वाचायचे. सिरीयल पोर्टसोबत त्याच पोलमध्ये बसतं आणि प्रिंटएफचीही भीती उरत नाही. जुने सिग्नल एकमेकांत विरण्याचा स्वभाव मात्र इथेही तसाच राहतो.

यात हटकून होणारी चूक एकच. ब्लॉक केलेला मास्क फोर्कमध्ये (प्रोसेसची प्रत काढताना) मुलाकडे जातो आणि एक्झेकनंतरही (त्यात नवा प्रोग्रॅम चढवल्यावरही) टिकतो. हँडलर तेवढे मूळपदावर येतात. मग व्हॉल्वच्या प्रोसेसला सिगटर्म (‘आवरून बंद हो’ म्हणणारा सिग्नल) पाठवला तरी ती ढिम्म हलत नाही. अशा वेळी प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसची स्टेटस फाइल उघडा. सिगबीएलके (अडवलेले सिग्नल) या ओळीसमोर शेवटी 14000 दिसलं तर सिगटर्म आणि सिगचाइल्ड अडवलेले आहेत: 15 नंबरचं बिट 4000, 17 नंबरचं 10000, दोन्ही हेक्समध्ये. फोर्कनंतर आणि एक्झेकच्या आधी मुलाचा मास्क मोकळा करायचा, हाच उपाय.

नंबर पाठ करून कोडमध्ये लिहिण्याची सवय इथेच मोडा. एआरएम आणि इंटेलवर सिगयूएसआर१ 10 आहे, एमआयपीएसवर 16. राउटरसारख्या एमआयपीएस बोर्डावर कोड हलवला की 10 नंबर सिगबस (चुकीच्या मेमरी-वापराचा सिग्नल) होतो आणि प्रोसेस पडते. नावंच लिहा.

आपला प्रोग्रॅम थेट इनिट म्हणून, म्हणजे पीआयडी (प्रोसेसचा नंबर) 1 वर, सगळ्यात पहिली प्रोसेस म्हणून चालवणार असाल, तर हँडलर न लावलेला सिग्नल कर्नल त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही. सिगटर्मला काहीच होत नाही, हे पाहून गोंधळू नका.

मायक्रोकंट्रोलरवर गेलात की ‘सिग्नल’चा अर्थ बदलतो. फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये पॉझिक्स (यूनिक्स-लिनक्सच्या प्रमाणातले) सिग्नल नाहीत, टास्क नोटिफिकेशन आहेत: टास्कमागे 32 बिटांची किंमत, आणि इंटरप्टमधून पाठवायचं तर ‘फ्रॉम आयएसआर’ शेपटीचंच फंक्शन. एनिया कंपनीच्या ओएसई या ऑपरेटिंग सिस्टममध्ये तर सिग्नल हाच निरोप असतो. बफर घ्यायचा, भरायचा, पाठवायचा, आणि पाठवल्यावर त्यावरचा आपला हक्क संपतो. नोकरीच्या जाहिरातीत ‘सिग्नल-आधारित संवाद’ असं दिसलं, तर तिथली प्रणाली कोणती हे आधी विचारा, मगच तयारीला लागा.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. बोर्डावर सुपरकपॅसिटर (वीज गेल्यावर थोडा वेळ पुरवठा देणारा मोठा कपॅसिटर) असेल आणि वीज गेल्याची खूण एका पिनवर येत असेल, तर लक्ष ठेवणारी प्रोसेस आधी व्हॉल्वला, मग बाकीच्यांना सिगटर्म पाठवते. व्हॉल्वची प्रोसेस मुख्य लूपमध्ये येऊन व्हॉल्व बंद करते, स्थिती तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिते, एफसिंक करते (फाइल खरोखर डिस्कवर उतरवते) आणि रिनेमने मूळ फाइलवर बसवते. ठरलेल्या वेळात ती संपली नाही तर सिगकिल (सक्तीने मारणारा सिग्नल, तोच किल -9). ही वेळ अंदाजाने ठरवू नका. कपॅसिटर पूर्ण भरून प्लग काढा, बोर्ड बंद पडेपर्यंतचे सेकंद घड्याळावर मोजा, आणि त्याच्या निम्म्याहून जास्त वेळ कोणत्याही प्रोसेसला देऊ नका. उन्हाळ्यात पत्र्याच्या मोटरघरात हीच मोजणी पुन्हा करा.