नाव आठवत नाही ते लहानपणीचं पुस्तक कसं शोधायचं

एक मुलगा, एक विहीर आणि निळं कव्हर. एवढ्या भांडवलावर मी एक पुस्तक जवळजवळ तीन वर्षं शोधलं आणि त्यात जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या, म्हणून लिहितोय.

पहिली चूक म्हणजे गोष्ट गुगलवर टाकत बसणं. जुनी मराठी पुस्तकं नेटवर असली तरी बहुतेक फोटोसारखी स्कॅन केलेली असतात, आतला मजकूर सर्चमध्ये येतच नाही. आणि खरं सांगू का, गोष्टच जास्त दगा देते, तीस वर्षांत दोन-तीन गोष्टींची डोक्यात पार खिचडी झालेली असते. म्हणून गोष्ट सोडून बाकीचं कागदावर लिहा, म्हणजे तेव्हा कितवीत होतो, कोणाच्या घरी वाचलं, आडवं होतं की उभं, चित्रं रंगीत का काळीपांढरी, आणून कोणी दिलं. मला आठवलं ते यावल तालुक्यातलं मामाचं घर, मे महिना, दाराला ओलं गोणपाट टांगलेलं आणि पुस्तकाला येणारा चिकटवायच्या खळीचा वास. हा वास लक्षात ठेवा, शेवटी तोच कामाला आला.

मग फोन लावा, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला आधी. मावशी म्हणाली, "आते काय शोधी ऱ्हायना रे भाऊ तू?", आणि हसून झाल्यावर सहज बोलून गेली की मामा सुट्टी लागायच्या आधी शाळेच्या पेटीतली पुस्तकं घरी आणायचा. मामा झेडपीचा मास्तर! हे मला माहीत होतं पण कधी जोडलंच नव्हतं. म्हणजे पुस्तक दुकानातलं नाही, शाळेतलं.

तुमच्याकडे एखादं फाटकं पान किंवा त्याच पेटीतलं दुसरं पुस्तक असेल तर सोनंच समजा, कारण वय कळतं. किंमत आण्यात असली तर १९५७ च्या आधीचं, किंवा फार तर लगेच नंतरचं. "नांव", "कांहीं" असे अनुस्वार पेरलेले असले तर बहुतेक १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम यायच्या आधीचं. प्रकाशकाचा पत्ता नुसता "पुणे २" असेल तर सहा आकडी पिनकोड १९७२ साली आले त्याच्या आधीचं असू शकतं (जुन्या सवयीने नंतरही तसंच छापायचे, त्यामुळे एवढ्यावरच विसंबू नका). आणि आपल्या खानदेशातली खास खूण म्हणजे शाळेचा नाहीतर वाचनालयाचा शिक्का. शिक्क्यात "पूर्व खानदेश" दिसलं तर जिल्ह्याचं नाव जळगाव व्हायच्या आधीचा, म्हणजे साधारण १९६० पर्यंतचा. "नंदुरबार, जि. धुळे" असेल तर १९९८ च्या आधीचा, कारण नंदुरबार जिल्हा त्या साली वेगळा झाला. पण शिक्क्यावरून पुस्तक तिथे कधी होतं तेवढंच कळतं, छापलं कधी ते नाही.

वाचनालयात जाणार असाल, जळगावचं व. वा. असो, धुळ्याचं गरुड असो की गावातलं छोटंसं, तर कपाटं उपसत बसू नका, जुनं दाखल रजिस्टर बघायला मिळेल का ते नीट विचारा. त्यात आलेलं पुस्तक ओळीने चढवलेलं असतं आणि रद्दीत गेलेल्याचंही नाव बऱ्याचदा राहतं. संध्याकाळी पेपर वाचणाऱ्यांची गर्दी असते तेव्हा नका जाऊ, एका ठिकाणी मला "रजिस्टर सापडत नाही" म्हणून परत पाठवलं, दुसऱ्यांदा सकाळी गेलो तर त्याच टेबलावर होतं.

नेटवर शोधायचंच तर इंटरनेट अर्काइव्हवर नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये पण टाकून बघा, कितीतरी मराठी पुस्तकं तिथे तशीच चढवलीयेत. गोष्टीत बर्फ, पाणबुडी वगैरे असेल तर ते भाषांतर असायची शक्यता धरा, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तसं. मग मूळ गोष्ट आधी शोधायची आणि तिचं मराठी नाव नंतर.

आता खळीचं. एका बाइंडरशी बोलताना कळलं की शाळा मासिकांचे अंक एकत्र शिवून वर जाड पुठ्ठा नि कापड चढवून घ्यायच्या, खळीने चिकटवून. म्हणजे माझं निळं कव्हर पुस्तकाचं नव्हतंच, बाइंडिंगचं होतं! मी तीन वर्षं निळी पुस्तकं बघत होतो. मग बालभारतीच्या साइटवर "किशोर" या मुलांच्या मासिकाचे जुने अंक उघडले, १९७१ पासूनचे आहेत आणि फुकट आहेत, आणि रोज जेवण झाल्यावर दोन-तीन अंक नुसती चित्रं बघत चाळले. वाचायचं नाही हं, वाचायला लागलात की रात्र गेली.

मुलगा सापडला. उकिडवा बसलाय, एका पायात चप्पल नाही, अगदी आठवत होता तस्सा. विहीर मात्र त्या गोष्टीत नाहीये, त्या अख्ख्या अंकात नाहीये. ती बहुतेक त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या कुठल्यातरी अंकातली, आणि अजून सत्त्याहत्तर साल पूर्ण बघायचं राहिलंय.