'अधीन असा' या वचनावर मंडळीत अभ्यासवर्ग कसा घ्यावा

लग्नाच्या उपासनेत इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला जातो तेव्हा 'स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा' या शब्दांशी निम्मी मंडळी नवरीकडे पाहते, आणि 'पतींनो' हा शब्द येईपर्यंत अनेकांचे लक्ष जेवणाच्या मांडवाकडे गेलेले असते. या वचनांवर बोलू या, असे तरुण संघातील एखादी मुलगी सुचवते आणि वर्ग घेण्याची जबाबदारी कोणावर तरी येऊन पडते. ती तुमच्यावर आली असेल, तर चार बैठकांचा वर्ग आखावा. एका बैठकीत हा विषय उरकायला गेल्यास केवळ घोषणांची देवाणघेवाण होते, असा माझा अनुभव आहे.

वर्ग सुरू होण्यापूर्वी एक गोष्ट पाळकांशी बोलून पक्की करावी. घरात मारहाण सोसणारी एखादी स्त्री या चर्चेनंतर तुमच्याकडे येण्याची शक्यता असते. तिला सहनशीलतेची वचने वाचून दाखवू नयेत आणि नवऱ्याला बोलावून लगेच समेटही घडवू नये. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा ख्रिस्ती घरांनाही लागू आहे, हे सांगून १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तिला द्यावा. पत्नीवर लैंगिक अधीनता लादणे त्याज्य आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबविषयक पत्रात स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे या मुद्द्यावर परंपरानिष्ठ कॅथलिकांनाही पळवाट उरत नाही.

पहिल्या बैठकीत बायबल उघडण्याआधी कागद वाटावेत. प्रत्येकाने आदल्या दिवशी उठल्यापासून झोपेपर्यंत घरातले कोणते काम किती मिनिटे केले ते नाव न घालता लिहावे. स्त्रियांना आणि पुरुषांना वेगवेगळ्या रंगाचे कागद दिले म्हणजे बेरीज करणे सोपे जाते. एका वर्गात एका गृहस्थांनी 'स्वयंपाकात मदत, २० मिनिटे' असे लिहिले होते. कागद आपलाच असल्याचे त्यांनी हसत कबूल केले तेव्हा कळले की त्यांनी कुकरच्या शिट्ट्या मोजल्या होत्या. बेरीज झाल्यावर २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे सांगावेत. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७. मुळात त्या दिवशी घरकाम केलेल्या पुरुषांचे प्रमाणच सुमारे २६ टक्के होते. हे आकडे आधी सांगू नयेत, कारण आपली बेरीज आपण केलेली असली म्हणजे देशाचा आकडा परका वाटत नाही.

त्यानंतर उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील 'अनुरूप साहाय्यक' हे शब्द घ्यावेत. साहाय्यक म्हणजे हाताखालचे माणूस, असा अर्थ आपण मराठीतील वापरावरून गृहीत धरतो. मूळ हिब्रू शब्द 'एझेर' असा आहे आणि स्तोत्रसंहितेच्या १२१ व्या स्तोत्रात परमेश्वराकडून येणाऱ्या साहाय्यासाठीही तोच वापरलेला आहे. देव काही आपल्या हाताखाली काम करत नाही. अर्थात एवढ्याने वाद मिटला असे भासवू नये, कारण आदाम आधी घडवला गेला या क्रमाला पौलाने १ तीमथ्य २ मध्ये महत्त्व दिले आहे आणि परंपरानिष्ठ अभ्यासक नेमके तिथेच बोट ठेवतात.

दुसरी बैठक पूर्णपणे इफिस ५ साठी ठेवावी. पुष्कळ छापील आवृत्त्यांत २१ आणि २२ या वचनांच्या मध्ये नवा मथळा येतो. तो संपादकांनी घातलेला असल्याने झाकून वाचायला सांगावे. २१ वे वचन सर्वांना एकमेकांच्या अधीन असायला सांगते, आणि सर्वांत जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत २२ व्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही, ते वरच्या वचनातून घ्यावे लागते. मग वचने मोजायला लावावीत. पत्नींना उद्देशून तीन आहेत, तर पतींना उद्देशून जवळजवळ नऊ, आणि त्यांत पतीने ख्रिस्ताप्रमाणे स्वतःला अर्पण करण्याची अपेक्षा आहे.

येथे दोन्ही बाजू अशा मांडाव्यात की त्या त्या बाजूच्या माणसाने मान डोलवावी. स्त्री-पुरुष मूल्याने समान आहेत पण कुटुंबात व मंडळीत त्यांच्या भूमिका भिन्न आहेत आणि पतीचे मस्तकपद (पती पत्नीचे मस्तक आहे, असे याच अध्यायाचे २३ वे वचन म्हणते) हे सेवेचे पद आहे, असे मानणाऱ्यांनी १९८७ मध्ये अमेरिकेत डॅनव्हर्स निवेदन तयार केले. ख्रिस्तामध्ये पुरुष व स्त्री असा भेद नाही, हे गलती ३:२८ हाताशी धरून घरात आणि मंडळीत अधिकार समान असावेत असे म्हणणाऱ्या, बायबललाच प्रमाण मानणाऱ्या समानतावाद्यांची संघटनाही त्याच सुमारास उभी राहिली. स्त्रीवादी टीकाकार याहून पुढे जातात. मस्तकपद सेवेचे असेल तर अखेरचा शब्द कोणाचा, आणि तो नेहमी एकाचाच का, असा त्यांचा प्रश्न असतो. मला तो रास्त वाटतो, पण वर्ग चालवणाऱ्याने आपले मत शेवटच्या बैठकीपर्यंत राखून ठेवावे, अन्यथा अर्धा वर्ग बोलणे थांबवतो.

तिसरी बैठक मातृत्वाची असते आणि सर्वांत जपून घ्यावी लागते, कारण मूल नसलेली, मूल गमावलेली आणि मूल नको असलेली स्त्री एकाच बाकावर बसलेली असू शकते. मातृदिनाला फक्त आयांना उभे करून गुलाब देण्याची आपली पद्धत अशा स्त्रियांना काय सांगते, तेही विचारावे. स्त्रीवाद मातृत्वाच्या विरोधात आहे, हे वाक्य हमखास येते. त्यावर एकदम नाही म्हणू नये. अमेरिकन स्त्रीवादी लेखिका शुलामिथ फायरस्टोन यांनी १९७० मध्ये स्त्रीची प्रजननापासूनच सुटका व्हावी असे खरोखर मांडले होते. मात्र सहाच वर्षांनी अमेरिकन कवयित्री एड्रियन रिच यांनी आईने जगलेला अनुभव आणि समाजाने घडवलेली मातृत्वाची संस्था यांत भेद केला. त्यांचा आक्षेप संस्थेवर होता, लेकरू कुशीत घेण्यावर नव्हता. याच्या शेजारी लूक ११:२७-२८ वाचावे. गर्दीतली एक स्त्री येशूच्या आईच्या उदराला धन्य म्हणते आणि येशू देवाचे वचन ऐकून पाळणाऱ्यांना धन्य म्हणतो.

परदेशी नावांनी वर्ग कंटाळला असेल तर पंडिता रमाबाईंकडे वळावे. १८८२ मध्ये वैधव्य आलेल्या रमाबाई तान्ह्या मनोरमेला घेऊन पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी मुलग्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. आपल्या आईने आणि आपण तरुणांना शिकवण्याला वडिलांनी वा पतीने कधी आक्षेप घेतला नाही आणि इंग्रज मात्र घेतात, याचे नवल वाटते, असे रमाबाईंनी कळवले. मनोरमेला कोणती धर्मशिकवण द्यायची यावरूनही त्यांचा वाँटेजच्या अँग्लिकन मठातील भगिनींशी खटका उडाला. केडगावचे मुक्ती मिशन उभारणाऱ्या या बाईंना श्रद्धा आणि स्वतःची बुद्धी यांपैकी एक निवडावी लागली नाही, पण दोन्हींसाठी भांडावे मात्र लागले. आपल्या मंडळ्यांत त्यांची तसबीर असते, ही भांडणे सहसा सांगितली जात नाहीत.

चौथ्या बैठकीत नीतिसूत्रे ३१ वाचावे. सद्गुणी स्त्रीचे हे वर्णन सुनांना ऐकवण्यासाठी इतके वापरले गेले आहे की त्यातले १६ वे वचन कोणाच्या लक्षातच राहत नाही. ती स्त्री शेत पाहते, ते विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. या वचनापाशी कायद्याचा विषय काढावा. आजच्या दक्षिण केरळातील त्रावणकोर संस्थानाच्या १९१६ च्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळत असे. वडिलांच्या मालमत्तेत समान वाटा मागणाऱ्या मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये तेथेही १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू असल्याचे ठरवले. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना तोच कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पती वारला आणि मुले असली, तर विधवेला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेल्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा असतो.

प्रत्यक्षात बहीण हक्कसोडपत्रावर सही करते आणि त्याला माहेर टिकवणे म्हटले जाते. म्हणून शेवटच्या बैठकीला येताना प्रत्येकाने घराचा सातबारा किंवा फ्लॅटच्या कराराची प्रत पाहून यावे, असे आठवडाभर आधी सांगून ठेवावे. १६ वे वचन मोठ्याने वाचून झाल्यावर, कागदावर घरातील स्त्रीचे नाव ज्यांना आढळले त्यांनी हात वर करावेत.