जीवामृताचं विरजण

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून जमिनीला द्यायचं जिवाणूंचं पाणी, करायचं म्हटलं की शेण किती आणि गूळ किती, एवढंच विचारतात. त्यात टाकायच्या मूठभर मातीचं कुणी विचारत नाही. पहिल्या वर्षी माझं तिथंच चुकलं. जवळचा बांध दिसला, तिथली माती उचलली. त्याच बांधावर महिन्यापूर्वी मीच तणनाशक मारलं होतं. पिंप चार दिवस मुकं. ना फेस, ना वास.

ही माती म्हणजे विरजण. मी ती आता ओढ्याकाठच्या जुन्या करंजाखालून आणतो, तिथं नांगर कधी फिरलेला नाही. वरचा पाला सारला की खाली काळी, भुसभुशीत माती असते आणि कुजक्या पानांना बुरशीचे पांढरे धागे लागलेले असतात. हुंगून बघा. पहिल्या पावसात येतो तोच वास, आणि तो मातीतल्या जिवाणूंचाच असतो.

बाकी माप नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं, एकरी: 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गायीचं ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन. गूळ काळाच घ्या, पिवळाधमक नको. बेसन थेट पिंपात टाकलं तर गुठळ्या तळाला बसतात. आधी बादलीत पिठल्याला कालवतो तसं कालवून घ्या. पाणी नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाऊ दे.

पिंप प्लास्टिकचं, सावलीत, वर गोणपाट. घट्ट झाकण लावू नका, आत वायू धरतो. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. उजवीकडूनच फिरवा म्हणतात. मी दोन्हीकडून फिरवून पाहिलंय, मला फरक दिसला नाही. काठी तळापर्यंत गेली पाहिजे, एवढं खरं. 48 तासांत तयार होतं, थंडीत एखादा दिवस जास्त. वास ताकासारखा आंबूस यावा. कुजका आला तर ढवळण्यात आळस झालाय.

सात दिवसांच्या आत संपवा. ओल असलेल्या जमिनीतच द्यायचं, तेही ऊन उतरल्यावर. जमीन उघडी नको, काडीकचऱ्याचं आच्छादन हवं. तापलेल्या मातीत हे जीव तगत नाहीत. ठिबकमधून सोडणार असाल तर जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यानं गाळा, नाहीतर ड्रिपर चोक होऊन दिवसभर टाचणी घेऊन बसावं लागतं. खालचा गाळ मी शेणखताच्या ढिगावर ओततो.