इमारतीसाठी फ्लश व्हॉल्व्ह निवडताना

दुकानातील चकचकीत बटणांकडे पाहण्याआधी गच्चीवरील टाकीकडे पाहावे, कारण फ्लश व्हॉल्व्ह, म्हणजे बटण दाबताच शौचालयाच्या भांड्यात पाणी सोडणारी झडप, स्वतः पाणी साठवत नाही. तो केवळ पाइपातील दाबावर चालतो. टाकीतील पाण्याची पातळी व्हॉल्व्हपासून जितकी उंच, तितका दाब अधिक, आणि साधारण 10 मीटर उंचीला 1 बार (दाब मोजण्याचे एकक) दाब मिळतो. म्हणजे सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर 2 बारच्या आसपास दाब असतो, पण टाकीच्या लगेच खाली असलेल्या मजल्यावर तो जेमतेम 0.3 ते 0.4 बार भरतो. म्हणूनच सर्व मजल्यांना एकच व्हॉल्व्ह घाऊक भावात घेण्याचा मोह टाळावा. कमी दाबासाठी सहसा 40 मिमीचा आणि जास्त दाबासाठी 32 मिमीचा व्हॉल्व्ह वापरतात. तरीही माहितीपत्रकातील किमान व कमाल दाब प्लंबरने प्रत्यक्ष मोजलेल्या दाबाशी ताडून पाहावा. वरच्या मजल्यावर तेवढा दाब नसेल, तर तिथे फ्लश टाकीच बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोअरवेलचे पाणी असल्यास विशेष काळजी घ्यावी. त्यातील क्षार व्हॉल्व्हच्या आतील बारीक छिद्रात साचले की तो वेळेवर बंद होत नाही आणि पाणी वाहत राहते. त्यामुळे ज्याचा आतील संच टाइल न फोडता समोरून काढता येतो, ज्याला पाणी बंद करण्याची अंगचीच सोय आहे आणि ज्याचे वॉशर जवळच्या बाजारात मिळतात, असाच व्हॉल्व्ह घ्यावा.