गूगलवर माहिती शोधताना या चुका टाळा

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे यादीत सर्वांत वर आलेल्या संकेतस्थळाला सरकारी समजणे. वरच्या जागांवर पुष्कळदा जाहिराती असतात. त्यांचा क्रम लिलावावर ठरतो आणि त्यांच्यावर ‘प्रायोजित’ असे लिहिलेलेही असते, पण ते वाचण्याइतका धीर कोणाला नसतो.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या सेवा केंद्रात एक शेतकरी सौर कृषी पंपाची पावती घेऊन आले. ओलिताची सोय होईल या आशेने त्यांच्या पुतण्याने मोबाईलवर ‘कुसुम योजना अर्ज’ असे शोधले, पहिलेच पान उघडले, आधार व बँक खात्याचा तपशील भरला आणि फोनवरील गोड बोलण्याला भुलून पैसेही पाठवले. या योजनेत सर्वसाधारण गटाला पंपाच्या किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के हिस्सा खरोखरच भरावा लागतो, त्यामुळे कोणालाच संशय आला नाही. महावितरणकडे मात्र असा अर्जच नव्हता. अशा बनावट संकेतस्थळांबाबत केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वारंवार सावध केले आहे; परंतु तो इशारा शोधायला आधी शंका यावी लागते, आणि गूगल न विचारलेले सांगत नाही. फसवणूक लक्षात येताच सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करावा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मी संकेतस्थळाच्या पत्त्यात सुरुवातीच्या ‘https://’ नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेआधीचा शेवटचा भाग वाचतो. ‘महा’, ‘कुसुम’, ‘योजना’ हे शब्द नावात कोणीही घालू शकतो. शेवटी येणारे ‘गव्ह डॉट इन’ मात्र सरकारी यंत्रणेलाच मिळते. महावितरणचा ‘महाडिस्कॉम डॉट इन’ हा पत्ता याला अपवाद आहे.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. प्रश्नातच उत्तर लिहिले की यंत्र तेच उत्तर परत आणून देते. ‘कपाशी लाल्या औषध’ असे शोधणाऱ्याला औषधेच दिसणार, कारण शब्द जुळणारी पाने वर आणणे हेच यंत्राचे काम आहे. वास्तविक लाल्या बहुधा मॅग्नेशियम किंवा नत्राची कमतरता, पाण्याचा ताण अथवा तुडतुड्यांमुळे येतो, आणि प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा असतो. म्हणून मी ‘कपाशीची पाने लाल होण्याची कारणे’ असे शोधतो आणि सोबत अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे नाव जोडतो. चार शब्द जास्त टंकलिखित करण्याचा कंटाळा असणाऱ्यांनी निदान फवारणीच्या खर्चाची तक्रार करू नये.

ग्राहक सेवेचा क्रमांक गूगलवर शोधू नये. तो पासबुकावर किंवा बिलावर छापलेला असतो.

अनुदानाच्या बातमीची तारीख पाहावी. जुन्या हंगामाची मुदतही ताज्या बातमीसारखीच वर येते.

मराठीत फारसे सापडले नाही म्हणजे माहितीच नाही, असे समजू नये. तोच प्रश्न हिंदीत व इंग्रजीतही विचारून पाहावा. हल्ली यादीच्याही वर यंत्राने रचलेला सारांश येतो. त्यातील औषधाची मात्रा डब्यावरील लेबलाशी ताडल्याशिवाय फवारणी पंपात काहीही ओतू नये.