९३ नोंदींचा प्वारो

इंग्रज लेखिका ॲगथा ख्रिस्ती हिच्या रहस्यकथांतला गुप्तहेर प्वारो ब्रिटिश नट डेव्हिड सूशे यांनी टीव्ही मालिकेत उभा केला. तो पाहून नवखा नट आधी मिशी आणि उच्चार उचलतो. भूमिका तिथेच घसरते आणि नुसती नक्कल उरते. ८ जानेवारी १९८९ रोजी आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर मालिकेचा पहिला भाग लागला, तेव्हा सूशे ४२ वर्षांचे होते. लंडनच्या लामडा नाट्यशाळेतलं शिक्षण, १९६९ पासून व्यावसायिक रंगभूमी, १९७३ पासून रॉयल शेक्सपिअर कंपनी, एवढी शिदोरी त्यांच्यापाशी होती.

तयारी सुरू झाली ती वहीपासून. ॲगथा ख्रिस्तीच्या कथा वाचताना प्वारोबद्दल सापडलेलं सगळं त्यांनी क्रमांक घालून लिहून काढलं. अशा ९३ नोंदी झाल्या. पहिलीच नोंद: तो बेल्जियन आहे, फ्रेंच नव्हे. कॉफी काळीच पितो. साखरेचे खडे चार, कधी तीन, क्वचित पाच. अशी वही एकांकिकेतल्या छोट्या भूमिकेसाठीही करावी. मात्र नोंद अंगाने करून दाखवता येईल अशी हवी. 'स्वभाव नीटनेटका' एवढ्याने तालमीत काही हाती लागत नाही. 'बसण्याआधी बाक पुसतो' हे लगेच करता येतं. लेखकाने लिहिलेलं डाव्या पानावर, आपला तर्क उजव्या पानावर. दोन्हींची सरमिसळ झाली की नट आपल्याच सवयी पात्राच्या नावावर खपवू लागतो.

मग आवाज. सूशेंचा मूळ आवाज भारदस्त, छातीतून येणारा. प्वारो बुद्धीवर जगणारा, म्हणून त्यांनी तो छातीतून वर, डोक्यात नेला. हे घाईने केलं तर घसा आवळतो, म्हणून आधी श्वास पोटातून घ्यायची सवय पक्की हवी. चाल ख्रिस्तीनेच सांगितलेली: भरभर, आखूड पावलांची. ती बसवायला सूशे दोन नितंबांमध्ये नाणं दाबून चालत. पात्राचे बूट पहिल्या तालमीपासून घालावेत. कॅनव्हासच्या बुटांत बसवलेली चाल कडक चामड्यात मोडते.

या वहीची खरी किंमत चित्रीकरणात कळते. नाटकात पात्र पहिल्या अंकापासून सलग चढत जातं. कॅमेऱ्यापुढे तो क्रम नसतो. शेवटच्या पर्वात प्वारोच्या मृत्यूचा भाग आधी चित्रित झाला, बाकीचे नंतर. म्हणजे खंगलेला, आजारी प्वारो करून पुन्हा तुकतुकीत प्वारो उभा करायचा! त्यासाठी प्रत्येक दृश्याच्या पानावर तीन गोष्टी टिपाव्यात: आधी काय घडलंय, शरीर किती थकलंय, काय लपवायचंय.