कोलोनोस्कोपी शिकताना नॉर्मल ओळखणंच जड जातं

शिकाऊ दिवसांत मी एका कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये लिहिलं, 'सिग्मॉइडमध्ये (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणात) लाल ठिपके, कोलायटिस (आतड्याची सूज)?' आणि चार बायोप्सी, म्हणजे तपासायला तुकडे, घेतल्या. सरांनी एवढंच विचारलं, "आत जाताना दिसले होते का?" मला आठवेना. रेकॉर्डिंग लावलं. आत जाताना तीच जागा स्वच्छ होती, रक्तवाहिन्यांची जाळी पानाच्या शिरांसारखी स्पष्ट. ठिपके म्हणजे दुर्बिणीतून हवा-पाणी ओढणाऱ्या माझ्याच सक्शनने उठवलेले वळ. सगळे गोल, एकाच मापाचे, 3-4 मिलिमीटरचे, म्हणजे सक्शनच्या तोंडाएवढे! बायोप्सी अर्थात नॉर्मल आली. तेव्हापासून सिकम (मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक) गाठायच्या घाईतही मी बघत जातो, कारण बाहेर येताना दिसलेल्या लालीतली काही आपलीच असते.

टर्मिनल इलियममध्ये (लहान आतड्याच्या शेवटच्या भागात), विशेषतः तरुण पेशंटच्या, घामोळं उठल्यासारखे बारीक उंचवटे दिसतात. ते लिम्फॉइड फॉलिकल्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचे नॉर्मल पुंजके. एकसारखे आहेत, मधली म्युकोसा (आतड्याचं आतलं अस्तर) मखमली आहे आणि व्रण नाहीत, तर लगेच क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारावर उडी मारू नका. लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप, इलिओसिकल व्हॉल्व्ह, कधी चरबीमुळे फुगलेला, पिवळसर दिसतो. बंद फोर्सेप्सने (बायोप्सीच्या चिमट्याने) दाबा, उशीसारखा खळगा पडतो. ट्रान्सव्हर्स कोलनचा (मोठ्या आतड्याच्या आडव्या भागाचा) पोकळ भाग त्रिकोणी दिसतो आणि हिपॅटिक फ्लेक्शरला, म्हणजे लिव्हरजवळच्या वळणाला, लिव्हरची निळसर छाया पडते. या दोन्ही तर वाटेच्या खुणाच.

तपकिरी-काळपट, चित्त्याच्या कातडीसारखी म्युकोसा दिसली की नवख्याला घाम फुटतो. आधी विचारा, सोनामुखीची जुलाबाची औषधं किती दिवस चालू आहेत? या औषधांनी येणारा हा रंग, मेलॅनोसिस कोलाय, औषध थांबवल्यावर हळूहळू ओसरतो. गंमत म्हणजे त्यात अॅडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारी गाठ) रंग घेत नाही, त्यामुळे तो उलट उठून दिसतो.

खरी भीती मला उलट्या डायव्हर्टिक्युलमची वाटते, म्हणजे आतड्याच्या भिंतीची बाहेर फुगलेली पिशवी आत उलटते तेव्हाची. हुबेहूब पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब)! पण पृष्ठभाग आजूबाजूसारखाच नॉर्मल असतो आणि बुडाशी वर्तुळाकार रेषा दिसतात. हवा भरली किंवा बंद फोर्सेप्सने हलकेच टेकवलं की बहुतेकदा भिंतीत परत जातो. शंका असताना स्नेअर (पॉलिप कापायचा तारेचा फास) लावू नका, बायोप्सीही नको, आतडं फाटेल.

आणि रेक्टममधून (गुदाशयातून) निघताना डेंटेट लाइनवर, म्हणजे गुदद्वाराच्या आत अस्तर बदलतं त्या रेषेवर, पांढरट, टणक शेंडा दिसला तर तो बहुधा वाढलेला अॅनल पॅपिला, म्हणजे त्या रेषेवरचा नॉर्मल उंचवटा, असतो. तिथे संवेदना तीव्र असते, त्यामुळे स्नेअर लावलात तर गुंगीतला पेशंटसुद्धा तुम्हाला ते सांगेल.